जखमी वाघाची डरकाळी

कडी न्हाय काढणार, साहेब. गाडी घेऊन आलात तशी घेऊन जा. शिवतेजला मीच कोंडलाय, आई हाय मी त्याची — पोलीस बोलवा न्हायतर मंडळाची सगळी पोरं बोलवा. सकाळी कानफटात पण दिली. काय करू मग? गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय, एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले पाय टेकू नको, आणि हा म्हणतो कबड्डीची फायनल खेळणार! खांद्यानं धडका मारतोय बघा दारावर. मार, मार! बाहेर आलास तर ह्या वरवंट्यानं दुसरा गुडघा मीच फोडीन. हसता काय साहेब? तुमचीच करणी हाय ही.

बापलेकांचा फोटो पायजे ना स्टेजवर? एक काढलात तेवढा पुरे न्हाय झाला? तो बघा भिंतीवर — आमचे हे, तोंड वासलेलं, पाय वाकडा, खाली तुमच्या पेपरातली अक्षरं, ‘जखमी वाघाची डरकाळी’. सानपाड्यातली पोरं मॅचच्या आधी ह्या फोटोच्या पाया पडतात, धडधाकट गुडघ्याला पांढरी पट्टी बांधतात — जोतीरामची पट्टी म्हणे! दुखतंय म्हणून कोण बाहेर बसला की त्याला बांगड्या दाखवतात. आणि माझा हा आरशापुढं तोंड वासून बघतो, बापासारखं जमतंय का.

डरकाळी! मी होते की तिथं, रेषेला लागून, हा पोटात. गुडघा आधीच सुजलेला, तरी पांढरी पट्टी आवळून चढाईला गेले. कोपऱ्यातल्यानं घोटा धरला, बाकीचे सगळे वरनं पडले, आणि आवाज आला — ऊस मोडावा तसा. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर, माती लाल, तरी ते ओढतायत, आणि तुम्ही गुडघे टेकून फटाफट, फटाफट! काय ओरडत होते ते ऐकलं न्हाय तुम्ही? हातभर लांब होतात तुम्ही. ‘आई गं, सोडा रे, मेलो, सोडा’ — बारक्या पोरासारखे रडत होते, चड्डी ओली झालेली. दम सुटला म्हणून पंचांनी बाद दिलं. हे छापलंत कुठं? मार्केटात पोती वाहणारा गडी, आता काठीशिवाय मोरीपर्यंत जात न्हाय. आज शाल पांघरून पाहुणा म्हणून बसलाय मैदानावर. दुसरं काय राहिलंय त्यांच्याकडं? हा एक फोटो! तेवढ्यावर जगतात म्हणून मी सगळं गिळलं, साहेब, ह्या पोराला सुद्धा कधी कळू दिलं न्हाय की —

थांबा.

धडका थांबल्या.

शिवा? ऐकलंस काय रे? शिवा... बाळा, बोल की. शिवी दे, पण बोल.

ए साहेब, कॅमेरा खाली घे. घे म्हणते ना! आणि नीघ. आधी माझ्या घरातनं नीघ.