दुकानाचं मागचं दार

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गावातले म्हातारे वाणी आणि त्यांची बायको नंबराची वाट बघत बसले होते.

“डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं हं.”

“काय सांगायचं? बाबांनी थाटलेलं दुकान आहे, डोळे मिटून चालवतो मी.”

“मिटूनच चालवताय! काल शिंपीणबाईंना साखरेऐवजी मीठ बांधून दिलंत.”

“मग त्या बोलल्या का नाहीत?”

“कुणीच बोलत नाही. मुकाट्यानं पुडी घेतात, वळसा घालून मागच्या दारी येतात, आणि मी बदलून देते. आता रागावू नका.”

“रागावतोय कुठं? मागची कडी वाजते ती ऐकू येते मला. कान शाबूत आहेत.”

“अगं बाई! मग इतके दिवस गप्प का बसलात?”

“बाबांचंही शेवटी शेवटी असंच व्हायचं. दुकानाला आधी मागं दार नव्हतंच. आईनं भिंत फोडून करून घेतलं.”

“मला तर सासूबाई म्हणाल्या होत्या, वाऱ्यासाठी केलंय.”

“बाबांनाही तिनं तेच सांगितलं होतं.”

“आणि त्यांना ते पटलं?”

“छे! पण कडी वाजली की म्हणायचे, काय छान वारा येतोय.”