नदीनं पलीकडे नेलेलं शेत

जुमानियाझ : …एक दार, दोन कोरीव खांब, सात तुळया, दोन रजया, एक चहाची किटली, तीन कोंबड्या. तंदूर मातीचा, तो काही निघायचा नाही. आणि एक हट्टी म्हातारा. व्याही, एका खेपेत मावतंय सगळं.

मशारीप : म्हातारा सोडून मोजा.

जुमानियाझ : मग नाव फार हलकी होईल. उलटेल.

मशारीप : जन्म गेला अमू नदीवर नाव हाकण्यात, आणि अजून उलटायची भीती?

जुमानियाझ : नदीची नाही हो, सुनेची. तुम्हाला घेतल्याशिवाय परतलो तर तुमची सुलूव मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. माझ्याच घरात. काठ कुठवर आला?

मशारीप : भिंतीपासून एकोणीस हात.

जुमानियाझ : आणि परवा किती होता?

मशारीप : सव्वीस.

जुमानियाझ : बघा! अजून वरच्या डोंगरात बर्फ धड वितळलेलं नाही. मोठं पाणी यायचंय. शेजारीपाजारी सगळे वाळवंटाच्या कडेला सरकले. तुम्ही एकटे इथे काय करता?

मशारीप : ऐकतो.

जुमानियाझ : काय ऐकता?

मशारीप : काठ कोसळताना. आधी भेग पडते, मग बराच वेळ काही होत नाही. वाटतं, थांबला. मग धप्पकन आवाज येतो.

जुमानियाझ : अंगावर काटा आणलात. चला, उठा.

मशारीप : कुठे? लेकीच्या सासरी? तिच्या हातची भाकरी मोडत बसू कोपऱ्यात?

जुमानियाझ : का, आमची ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही?

मशारीप : उतरते. म्हणून तर येत नाही. दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी ओझं.

जुमानियाझ : बरं, तुम्ही राहा. खुशाल राहा. पण तुमच्या शेताचं काय करायचं तेवढं सांगून टाका.

मशारीप : कुठल्या शेताचं? दोन उन्हाळ्यांपूर्वी नदीत गेलं ते.

जुमानियाझ : गेलं नाही. आलंय. माझ्याकडे.

मशारीप : सकाळी सकाळी काय घेतलंत?

जुमानियाझ : चहा. साखरेशिवाय. ऐका तर. इकडे ही नदी खाते आणि आमच्या बाजूला ओकते. माझ्या आज्याच्या वेळेपासून उजव्या अंगालाच सरकतेय. आमच्या काठाला नवी जमीन उघडी पडलीय. गेल्या वर्षीच्या पुरातसुद्धा ती बुडाली नाही.

मशारीप : मग ती तुमच्या खानाची जमीन झाली. माझं शेत अलीकडे, झारच्या मुलखात होतं.

जुमानियाझ : हो ना! झारचं शेत खिव्याच्या खानाकडे पळून गेलं, एक बंदूक न उडता.

मशारीप : हसू नका. गेल्या हिवाळ्यात त्यांचा माणूस आला होता इथे, सारा मागायला. म्हणाला, शेत दाखव. मी नदीकडे बोट केलं.

जुमानियाझ : मग?

मशारीप : बराच वेळ बघत राहिला बिचारा. चहा प्यायला आणि गेला.

जुमानियाझ : आता आला की त्याला नावेत घाला आणि पलीकडे पाठवा. तुमची खरबुजं दाखवतो त्याला.

मशारीप : माझी खरबुजं?

जुमानियाझ : उगवलीत तिथे. कुणी पेरली नाहीत, काही नाही. पान तसंच, कडा तशीच, देठावरची लव तशीच. मी काय तुमचा वेल ओळखत नाही? पोरांच्या लग्नापासून शेत जाईपर्यंत दरसाल खात होतो.

मशारीप : शक्य नाही. ते बी संपलं. शेतावरची कोठीसुद्धा शेताबरोबरच गेली.

जुमानियाझ : कोठी फुटली, बी वाहिलं, पलीकडे लागलं.

मशारीप : दोन वर्षं पाण्यात राहून?

जुमानियाझ : ते मला विचारू नका. मी नावाडी. डोळ्यांनी बघा आणि मला खोटं पाडा.

मशारीप : बघून लगेच परत.

जुमानियाझ : लगेच परत. कोंबड्या घेऊ का?

मशारीप : कोंबड्यांना नाही बोलावलं.

(त्याच दिवशी दुपारी, डाव्या काठावरच्या नव्या जमिनीवर.)

सुलूव : सावकाश, बाबा. इथे पाय रुततो. या बाजूनं या, इकडे माती धरलीय.

मशारीप : वाळलीस तू.

सुलूव : तुम्ही आरसा नाही ठेवत घरात.

जुमानियाझ : सूनबाई, मी काही बोललो नाही हं. वेलांचं तेवढं सांगितलं. आपोआप उगवले म्हणून.

सुलूव : मामंजी, तुम्ही नाव बांधून या.

जुमानियाझ : बांधलीय.

सुलूव : पुन्हा बांधा.

मशारीप : राहू दे त्यांना. कुठे आहेत वेल?

सुलूव : हे काय, तुमच्या पायाशी.

मशारीप : …पान आमचंच आहे.

जुमानियाझ : म्हटलं नव्हतं!

मशारीप : एक इथे. दुसरा तिथे. तिसरा… व्याही, तुमची ही अमू फार शिकलेली दिसते.

जुमानियाझ : का हो?

मशारीप : दोन-दोन हातांवर पेरते. एका रांगेत.

जुमानियाझ : पाण्याचा ओघच तसा असेल एखादवेळ.

मशारीप : आणि प्रत्येक वेल उंटकाट्याच्या झुडपाशीच बरा आला? माती बाजूला कर, पोरी. मुळाशी. हळू. हे बघ. काट्याचं मूळ चिरलंय, चिरेत बी ठेवलंय आणि वरून लोकरीचा दोरा. नदी गाठ मारत नाही.

जुमानियाझ : मी नाव बांधून येतो.

मशारीप : बसा तिथेच. खोटं बोलताना बरे जागचे हलला नाहीत.

सुलूव : त्यांना नका बोलू. मीच सांगितलं होतं तसं बोलायला. खरं सांगितलं असतं तर आला असतात का?

मशारीप : नसतो आलो.

सुलूव : मग?

मशारीप : बी कुठून आणलंस?

सुलूव : दर वर्षी हंगामातलं पहिलं खरबूज तुम्ही मला पाठवायचात. मी खायची आणि बी राखेत घोळून ठेवायची. सहा वर्षांचं जमलंय. सगळं नाही पेरलं. यंदा काही झालं तर असावं म्हणून निम्मं घरात आहे.

मशारीप : उंटकाटा चिरायला कुणी शिकवलं? मी तर तुला हातात सुरी देत नव्हतो.

सुलूव : देत नव्हतात. पण मी शेजारी बसलेली असायची ना. काट्याचं मूळ खोल जातं, खालचं पाणी वेलाला आणून देतं, असं तुम्ही आईला सांगायचात. आईला ठाऊक होतं. तरी ती दरसाल ऐकून घ्यायची.

मशारीप : किती चिरली?

सुलूव : चाळीस. एकतीस धरली.

मशारीप : नऊ का मेली?

सुलूव : पहिल्या दिवशी चीर फार खोल गेली.

मशारीप : आणि दोरा घट्ट बांधलास. हा बघ, रुततोय. मूळ जाड झालं की सैल करायचा असतो. सगळ्यांचा करायला हवा. आठवड्याभरात.

सुलूव : मला एकटीला नाही जमणार.

मशारीप : सुलूव, खरं सांग. ही माती माझ्या शेताची आहे असं वाटतं तुला?

सुलूव : माती कुणाची ते मला सांगता येणार नाही, बाबा. नदीनं वरून कुठून कुठून आणलीय. बी कुणाचं ते सांगता येतं.

मशारीप : आपलं कब्रस्तान शेताच्या वरच्या अंगाला होतं.

सुलूव : हो.

मशारीप : ते गेलं त्या दिवशी मी काठावर उभा होतो. तुझ्या आईचा दगड शेवटपर्यंत दिसत होता.

सुलूव : तेही मला सांगता येणार नाही, बाबा. मी पेरताना हात जरा हळू चालवला. एवढंच.

मशारीप : …बरं केलंस.

जुमानियाझ : व्याही, मी काय म्हणतो, दार आणि खांब तेवढे आजच आणू का? उजेड आहे अजून. भांडण उद्या करू.

मशारीप : तुमच्या अंगणात नाही राहणार मी.

जुमानियाझ : कुणी बोलावलंय? घोरता तुम्ही.

मशारीप : राहिलो तर इथे राहीन. वेलांजवळ. माझं दार, माझी चूल. सुलूव यायची ती पाहुणी म्हणून, आणि भाकरी मी वाढायची.

सुलूव : तुमची भाकरी करपते.

मशारीप : करपलेली खाशील.

सुलूव : खाईन.

मशारीप : पण आधी पाणी बघू. नव्या जमिनीखाली मीठ असलं तर वेल उन्हाळ्याअखेर करपतील आणि मीही. खारं निघालं तर मला परत सोडायचं, कुणी रडायचं नाही. कबूल?

जुमानियाझ : सूनबाई, कबूल म्हण. नाहीतर हे आत्ताच पोहत जातील.

सुलूव : कबूल.

मशारीप : फावडं दे.

जुमानियाझ : मी खणतो. तुमचं वय काय!

मशारीप : तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी कमी. सरका.

सुलूव : मधे थांबा तरी. चहा घ्या.

मशारीप : वर गाळ आहे, चिकट. आता बारीक वाळू लागली. ओली आहे.

जुमानियाझ : डोकंच दिसतंय आता यांचं. व्याही, परत वर येणार ना?

मशारीप : काठी टाका खाली. आणि वाटी.

सुलूव : लागलं का?

मशारीप : थांब, गढूळ आहे. बसू दे जरा.

जुमानियाझ : बसलं?

मशारीप : बसतंय.

सुलूव : बाबा, मला द्या. मी चाखते.

मशारीप : मीच चाखतो.

सुलूव : …बाबा?

मशारीप : पावणेचार हात. गोडं.