पत्र्याखालचं बी

आणि मी म्हणतो, बी मेलेलं आहे हे तुम्हाला सांगितलं कोणी? – नऊ दिवस. नऊ दिवसांत तुम्ही कुंडी उकरलीत, बिया वेचून परत पुडीत भरल्यात, आणि भर दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणता, बी मेलेलं दिलंत. गेली ना ती चारही गिऱ्हाइकं, बघितलंत? ताई, हे ज्येष्ठमध आहे, मेथी नाही. पी हळद आणि हो गोरी, असलं इथे चालत नाही. हे एकदा जमिनीत बसलं की वर्षानुवर्षं हलत नाही, थंडीत वरून वाळतं, ऊन वाढलं की खालून पुन्हा फुटतं, मुळी काढायची ती तीन वर्षांनी, चार वर्षांनी – आणि तुम्हाला नवव्या दिवशी कोंब पाहिजे. वीस-पंचवीस दिवस तर ते नुसतं विचार करतं, उगवू की नको.

द्या इकडे ती पुडी. – हे बघा. हे बघा, असं उजेडात धरा. कवच कसं आहे? गुळगुळीत. पॉलिश पेपरवर घासलं होतं? सुताराकडे असतो तो, खरखरीत. नाही ना. पुडीच्या मागे छापलंय, माझ्या वडिलांनी दुकान चालवलं तेव्हापासून छापलंय, बी घासा, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, फुगलेलंच पेरा. वाचलं कोणी? – काय केलंत? नळाखाली धुतलं. वा. भाजी निवडायला घेतली होती का? पाणी आत जायला कवचाला ओरखडा लागतो, त्याशिवाय ते वर्षभर मातीत खड्यासारखं पडून राहील. आणि नाव कोणाचं खराब? बियाणेवाल्याचं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. नाही, बसा, आता उठू नका, एवढं बोललात तर ऐकून जा.

कसं लावतात ते आमच्या हिला विचारा. माझी बायको, इथेच वर राहतो आम्ही, दुकानाच्या डोक्यावर. तीस वर्षं शाळेत लहान मुलांना शिकवून घसा बसला तिचा, सारखी ज्येष्ठमधाची काडी तोंडात. नोकरी सुटली त्या आठवड्यात म्हणाली, बियाणेवाल्याच्या घरात लग्न करून आले आणि मागचं अंगण कायम बोडकं, आता माझी काडी मी माझ्या हाताने लावणार. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसंच होतं आमचं, खोटं कशाला बोलू. तर तिने काय केलं – अंड्यांचा पुठ्ठा घेतला, तीस खळग्यांचा. चष्मा लावून एकेक बी चिमटीत धरून घासलं, बोटांची सालं निघाली. भिजवलं. माती चाळली. प्रत्येक खळग्यात एक काडी रोवली, काडीवर आकडा, आणि वहीत तीस रांगा आखल्या, रोज सकाळी बघायचं आणि लिहायचं. शाळेची सवय, हजेरी घेतल्याशिवाय चैन पडायचं नाही. याला म्हणतात लावणं.

– मग काय. मग उगवलं का, हेच विचारायचंय ना तुम्हाला?

नाही उगवलं.

एकही नाही. – काय हसताय? चूक तिची नव्हती. हे नीट ऐका, तिच्या हातून केसाइतकीही चूक झाली नव्हती. चूक कोणाची म्हणजे – बी. बीच तसलं होतं. आता माझं तोंड कशाला उघडायला लावता? त्या वर्षी ज्येष्ठमधाला मागणी होती, नव्या पुड्या मोजक्या आल्या होत्या, आणि हिने वरून हाक मारली, एक पुडी पाठवा हो. मी म्हटलं, घरच्यासाठी नवी पुडी कशाला फोडायची. माळ्यावर एक होती. पत्र्याखालच्या माळ्यावर, दोन उन्हाळे भाजून निघालेली, फेकायलाच काढून ठेवली होती मी. बियाणेवाल्याला हे कळत नाही का? कळतं. तुम्हाला दिली असती का मी ती पुडी? जन्मात नाही. गिऱ्हाइकाला नाही दिली, बायकोला दिली.

आणि द्यायची ती दिली, वर रोज जिना चढून उपदेशाचे डोस पाजायचे. महिनाभराने म्हटलं, पाणी जास्त झालं असेल तुझं. मग म्हटलं, कमी झालं. मग म्हटलं, ऊन पुरत नाहीये, खोल पेरलंस, माती घट्ट दाबलीस. रोज तिच्या माथी एक नवी चूक. आणि ती रोज ती चूक सुधारायची हो. पुठ्ठा उचलून ह्या खिडकीतून त्या खिडकीत, चमच्याने पाणी घालायची. दोन महिने वहीत तीस शून्यं. मी खाली दुकानात बसून बी विकत होतो. एकसष्टाव्या दिवशी जेवताना बोललो असतो, आलं होतं तोंडाशी, पण तिने तोवर पुठ्ठा कचऱ्यात टाकलेला, आणि आपणहूनच म्हणाली, माझ्या हातालाच गुण नाही. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, असतं एकेकाचं.

झाली चार वर्षं. तेव्हापासून तिने मातीला हात लावलेला नाही. बहिणीने एक कुंडी भेट पाठवली तर दाराबाहेरच ठेवली, म्हणाली माझ्याकडे मरेल बिचारी. खिडकीत बसते अंगणाकडे पाठ करून. काड्या मीच आणून देतो बाजारातून, लाज नाही मला.

– काय म्हणालात? परत म्हणा. – ‘माझ्या हातालाच गुण नसेल’? तुम्हीही तेच? अहो, कोण शिकवतं तुम्हा लोकांना हे? हाताला काय झालंय तुमच्या? बी घासलं नाहीत, एवढीच गोष्ट आहे, घासाल तर उगवेल, बी ताजं आहे, ह्याच वर्षीचं, शपथेवर सांगतो. हाताचं नाव काढायचं नाही माझ्यासमोर. ही घ्या दुसरी पुडी. हा पॉलिश पेपर घ्या. घ्या म्हणतो ना.

नाही, तिला विचारायला वर जायचं नाही. आज नाही. आज तिथे कोणी जायचं नाही. पेरा, महिनाभर थांबा, उकरू नका, आणि मग काय ते तिलाच येऊन सांगा, बोलत असली तर – त्या पुडीचं कळल्यावर माझ्याशी नसेल बोलत, तुमच्याशी बोलेल. आता निघा. निघा, ताई, शटर ओढतोय मी. मला वर जायचंय.