काठाचं पाणी

लघवी तपासायच्या रांगेत बसलेल्या आजींनी जन्मभर थापा मारल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्याची थाप त्यांना लगेच कळायची. शेजारचा आरोग्य खात्याचा गमबूटवाला मांडीवर गोगलगायींची बरणी धरून होता. पलीकडच्या धुणंवालीला त्याने नुकतंच सांगितलं, की एकेका गोगलगायीच्या पोटात हजारो जंत असतात. थाप असणार म्हणून आजींनी कान टवकारले. धुणंवालीने त्याला विचारलं,

“आमच्याच तळ्यातल्या का हो या?”

“हो बाई. उजेडात ठेवल्या की जंत पाण्यात बाहेर पडतात. अकरा जाती सापडल्या मला.”

“अगंबाई! अकरा?”

“काही बदकांच्या अंगात जातात, काही बेडकांच्या, काही माशांच्या.”

“मग आम्हाला कशाला घाबरवता, दादा?”

“एक जात माणसाची आहे. कातडीतून आत शिरते आणि लघवीतून रक्त जायला लागतं.”

“माझ्या थोरलीला तेच होतंय की हो! आत तिलाच तपासतायत.”

“तळ्यावर पाटी लावली होती ना आम्ही? पाण्यात उतरू नये म्हणून?”

“वाचली की. आम्हाला वाटलं, पाणी खोल असेल. म्हणून पोरींना बजावलं, पुढे जायचं नाही, काठाशीच गुडघाभर पाण्यात उभं राहून धुवायचं.”

“बाई, गोगलगायी काठालाच असतात.” ही थाप नाही, हे आजींना कळलं.

“काय सांगता!”

“धाकटी कुठे आहे आत्ता?”

“थोरली आजारी, मी ही इथे. धुणं घेऊन तीच गेलीय सकाळपासून.”