गाऱ्हाण्यातली शिट्टी

अरे, मुंबईहून साऊंडचा कोर्स करून आलो तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजायचो. राजापूरकडे नमनाचा कार्यक्रम होता. आमचे मालक बंड्यादादा म्हणाले, "गुरव देवाला गाऱ्हाणं घालतील तेव्हा कशाला हात लावू नको."

मी लावला. गुरवांचा आवाज बारीक वाटला म्हणून माईक वाढवला, आणि ते नेमके श्वास घ्यायला थांबले तेव्हाच स्पीकरने कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. हात जोडून उभ्या गावाने सवयीने तिलाही उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा!"

गुरवांनी माझ्याकडे बघितलं आणि गाऱ्हाणं पुढे चालू केलं, "आणि ह्या साऊंडवाल्याला थोडी अक्कल दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज बंड्यादादांचा होता. तोही माईकशिवाय.