बोनेटवरची बाटली

मंडळी, इतके जण आले, धनजच्या शाळेचा हा वर्ग पुरून नाही राह्यला. मंगलाच्या शोकसभेत मले बोलाले उभं केलं. बोलतो. आजच बोललं पाहिजे.

आपली मंगला. लहानपणीच डायबेटीस. इन्सुलिनच्या इंजेक्शनवर जीव. तिची आई रोज काचेची सिरिंज उकळे, अन् सुई पाहून मीच "आई गं" ओरडून डोळे मिटून घेई. मंगला म्हणे, "काय हो कॉन्व्हेंटवाले दादा, शिकले इंग्रजीत अन् बोंबलता मराठीत!"

हसा, मंडळी. ती हसवतच गेली.

इंजेक्शन कधी चुकलं नाही. बाटली आईनं माठाखालच्या ओल्या रेतीत जपली. तरी पोरीची तहान वाढली. मोरीत लघवीले मुंग्या लागल्या. पोरगी वाळत गेली. काहून? सुई चालू होती ना? मग काहून?

सारं संपल्यावर डॉक्टरनं मले विचारलं, "बाटली गावात येते कशी?" अमरावतीच्या मोटारीनं. आपले ड्रायव्हरकाका आणत. मागं कोणाचा पाय पडंल म्हणून स्वतःजवळ ठेवत, बोनेटवर, इंजिनाच्या झाकणावर. काल मी त्या बोनेटवर हात ठेवला. चटका बसला. इन्सुलिन अशा गरमीत मरते, मंडळी. रेतीत आपण मेलेलं औषध थंड करून राह्यलो होतो.

काका इथंच बसले हायेत. त्यायले कोणी बोल लावू नका. त्यायनं जीव लावूनच आणलं. बरफ भरलेला एक थर्मास पाहिजे होता, बस्स. थर्मास गावात हाय. साहेब आले का चहासाठी निघते.

अन् आता ऐका. त्याच बोनेटवरून अजून एक बाटली येते. सुलोचनाकाकूच्या बेबीची. मी बोलाले उभा राह्यलो तवापासून बेबी वर्गातल्या माठाकडं पाणी प्याले जाऊन राह्यली. पाहा. पुन्हा उठली.

काकू, घाबरू नका. पण बसूही नका. बाहेर जीप हाय. काका, तुमीच चालवा. डॉक्टरकडं चांगली बाटली हाय. थर्मास सोबत घ्या.

बाकीचे आपण मंगलासाठी उभे राहू. घड्याळ पाहू नका. जीपचा आवाज ऐकू येणं बंद होईस्तोवर कोणी बसू नका.

मंगले, बाई, बेबीले पोचू दे.