खुराकाचा दिवस

(मेंढवाड्याचं दार. म्हातारे बाबा पालथ्या बादलीवर बसलेले. लेक आतून मेलेल्या मेंढ्या एकेक करून बाहेर ओढते आहे.)

बाबा : ओरडत होत्या गं. मी दारात दिसलो आणि सगळ्या गव्हाणीवर धावल्या. तसाच कसा मागे फिरू?

लेक : उपाशी नव्हत्या त्या. सकाळीच खुराक घातला होता मी. तुम्हाला सांगूनही गेले होते.

बाबा : मला कोणी काही सांगितलं नाही.

लेक : बरं. नसेल सांगितलं.

बाबा : आणि रोजचा खुराक पुन्हा पडला म्हणून मेंढरं मरतात होय? मला शिकवतेस? जन्म गेला माझा यांच्यात.

लेक : आता रोज कुठे घालतो आपण? युरिया मुरवलेला पेंढा सुरू केला, तेव्हा गुरांचे डॉक्टर म्हणाले नव्हते का, पेंड-भरडा तीन दिवसांचा एकदम घातला तरी चालेल? तुम्हीच खूश झाला होता. माझी रोजची धावपळ वाचली म्हणून.

बाबा : मग? चालतो ना?

लेक : एकदा चालतो, बाबा. तीन दिवसांचा मी घातला, त्यावर तीन दिवसांचा तुम्ही. पोटं फुगून तट्ट झाली. डॉक्टरांनीसुद्धा हात टेकले.

बाबा : डॉक्टर कधी आले?

लेक : मघाशी. तुमच्याशीच तर बोलत होते.

बाबा : असं... आणि काळतोंडी?

लेक : गेली.

बाबा : गाभण होती गं ती. तुझ्या आईनं बाटलीनं दूध पाजून जगवलेली.

लेक : हो.

बाबा : बोल ना मला काहीतरी. चार शिव्या घाल. अशी गप्प नको राहूस.

लेक : काय बोलू? दाराला कुलूप लावा, असं डॉक्टर मागेच म्हणाले होते. माझाच हात धजला नाही. म्हटलं, बाबांना काय वाटेल.

बाबा : लाव आता. उरल्यात त्या दोन-चार तरी राहू देत. किल्ली मला दिसेल अशी ठेवू नकोस.

लेक : लावते.

बाबा : मग मी दिवसभर करू काय गं?

लेक : बसा. उन्हात बसा जरा.

(बाबा बादली उन्हात सरकवून बसतात, अंगावरचं घोंगडं घट्ट ओढून घेतात.)

लेक : थंडी वाजतेय का?

बाबा : नाही. या सगळ्या अशा का पडल्यात गं? आज खुराक घातला नाहीस वाटतं?

लेक : घातलाय, बाबा. पोटभर घातलाय.